विम्यानं खाल्लेले बोकड

मी एक म्हातारी बकरी आहे. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून नाव टिकली. दिग्रसजवळच्या एका खेड्यात, गोविंदाभाऊ आणि बेबीताईंच्या गोठ्यात माझा जन्म झाला. मित्रांनो, मला लहानपणापासून एक खोड आहे. काहीही दिसलं की हुंगून पाहायचं. चप्पल, छत्रीचा दांडा, पाहुण्यांची पिशवी, काहीही! पण एक गोष्ट मला आयुष्यात कधी हुंगायला मिळाली नाही, आणि तिनंच माझी पिल्लं खाल्ली. तिचं नाव विमा.

त्याआधीचं सांगते. आमच्या घरी कोणी आजारी पडलं की बकरीचं दावं सुटायचं. गोविंदाभाऊंची आई इंदूबाई हिच्या पोटाचं ऑपरेशन निघालं, तेव्हा माझी माय अशीच सुटली. बाजारातला व्यापारी बकरीच्या आधी विकणाऱ्याचं तोंड पाहतो. डोळे सुजलेले दिसले की ओळखतो, ही दवाखान्याची बकरी. मग भाव पाडतो. माझी माय गाभण होती, तरी मातीमोल गेली.

बेबीताईंना ते डाचत राहिलं. पुढे पूनमसिंग नावाचे विमा एजंट फटफटीवर गावात आले, तेव्हा ताईंनी ठरवलं की दरवर्षी बकरी ईदच्या आधी, भाव तेजीत असताना, माझा एक बोकड विकायचा आणि साऱ्या घराचा आरोग्य विमा भरायचा.

पहिला बोकड गेला. मी वाट पाहिली, आता विमा येईल. काळा असेल की तांबडा? शिंगं असतील का त्याला? आलाच नाही. दुसरा गेला, तिसराही गेला. ताईंच्या शाळकरी लेकीला, रुपालीला माझ्यासारखीच खोड, फक्त ती नाकाऐवजी तोंडानं हुंगते. तिनं पूनमसिंगना विचारलंच, की आम्ही आजारी पडलो नाही तर आमचे पैसे जातात कुठे? ते म्हणाले, दुसऱ्या कोणाच्या तरी दवाखान्यात. मी रवंथ थांबवला. म्हणजे माझ्या पिल्लांनी कुठल्या तरी परक्या गावातल्या बकरीचं दावं वाचवलं होतं!

मग बोंडअळीचं साल आलं. अळीनं बोंडं पोखरली, कापूस घरी आलाच नाही. दवाखाने महागले तसा विम्याचा हप्ताही वाढला. एका बोकडात भागेना. दुसरा होता, पण तो रुपालीचा. शाळेसाठी सायकल घ्यायची म्हणून तिनं त्याला बोरीचा पाला घालून वाढवला होता.

गोविंदाभाऊ म्हणाले, "सोडून दे तो विमा. तीन बोकड खाल्ले त्यानं, अन् अजून ढेकर नाही देल्ला."

"नाही देल्ला तेच बरं," बेबीताई म्हणाल्या. "तो ढेकर देईन, त्या दिवशी आपल्यातलं कोणी खाटेवर असन."

त्या संध्याकाळी रुपाली जेवली नाही. सकाळी मात्र तिनंच बोकडाचं दावं हातात घेतलं. "मले काय, एसटी हाय," म्हणाली, आणि नाक पुसत बाजाराच्या वाटेला लागली.

त्याच पावसाळ्यात फवारणी करता करता गोविंदाभाऊ शेताच्या धुऱ्यावर कोसळले. विष अंगात गेलं होतं. मायलेकी त्यांना गाडीत घालून यवतमाळला धावल्या. अंगण रिकामं झालं. मग इंदूबाई काठी टेकत गोठ्यात आली आणि माझ्या दाव्याची गाठ सोडायला लागली. तिचं आयुष्य त्याच सवयीत गेलेलं. मीही उठून उभी राहिले. माझी माय राहिली होती तशी.

तेवढ्यात तिच्या कमरेचा मोबाइल वाजला. रुपाली होती. आजीला ती चांगलं ओळखते.

"आजी, टिकलीले सोडू नको. दवाखान्यानं विम्याचं कार्ड घेतलं."

इंदूबाईनं सुटत आलेली गाठ पुन्हा घट्ट मारली, आणि माझ्या गळ्यात हात टाकून तिथंच बसून राहिली.

गोविंदाभाऊ बरे होऊन आले. विम्यानं सगळेच पैसे दिले असं नाही. कापूस आणि हातमोजे त्यात बसत नाहीत म्हणे. "आपला कापूस कोणी इचारत नाही, अन् तिथं बोळ्याबोळ्याचे पैसे लावले," असं सांगून ते कितीतरी दिवसांनी हसले.

रुपाली अजून एसटीनंच जाते. माझ्या पोटात बहुतेक शेवटचं पिल्लू आहे. ती येता-जाता पोटाला कान लावते. सायकलची घंटी ऐकू येते का, पाहत असेल!

मित्रांनो, विमा मला अजूनही दिसलेला नाही. पण घरात सारे धडधाकट असतात ना, तेव्हाच हसऱ्या तोंडानं बाजारात जा. रडक्या तोंडाला भाव मिळत नाही. आणि दाव्याला बांधलेलं जनावर दिसलं तर मूठभर पाला टाकत जा. त्याच्या पिल्लानं कुणाचं घर सांभाळलं, हे त्यालाही ठाऊक नसतं.