शाईत लिहिलेला वारा

मित्रांनो, दुपारी वारा सुटला की आजही माझी पानं फडफडतात. बघणाऱ्याला वाटतं, वाऱ्याने. नाही हो, भीतीने! मी एक जुनी वही आहे. जाड पुठ्ठ्याची, दोनशे पानांची, पाठीला चिकटपट्टी लावलेली. माझ्यात एक अख्खं जग आहे, आणि त्या जगापायी एकदा एका मुलीचा जीव जाता जाता राहिला.

छापखान्यात मला कापलं, शिवलं. मग दुकानात गठ्ठ्याच्या तळाशी मी उंदरांच्या धाकात वर्ष काढलं. शेवटी एका तरुण बाईने मला उचललं. ती गोष्टी लिहायची. तिला सहा वर्षांची मुलगी होती. बाई फार काळजी करणारी. प्लगच्या भोकांवर चिकटपट्टी, टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज, दूध देण्याआधी तीनदा मनगटावर थेंब. अशा घरात मी किती निर्धास्त होते म्हणून सांगू!

माझ्यात तिने उंच मनोऱ्यांचं एक शहर वसवलं. पण नुसतं मनाला येईल ते लिहायची नाही. तिथले लोक ओली घोंगडी पाठीवर घेऊन जिने चढतात असं लिहायचं, तर ती आधी घरातली शाल भिजवून वजनकाट्यावर ठेवायची. मग ती खांद्यावर टाकून स्वतः चार मजले चढायची. धापा टाकत वर आली, की मगच ओळ लिहायची.

लिहायची तीही पेन्सिलीने. नंतर मुलीला वाचून दाखवायची. मुलीला घरात सगळे टोचणी म्हणत, कारण ती प्रश्न टोचायची.

"आई, तिथले लोक शी कुठे करतात?"

"अगं, मनोऱ्यात..."

"आणि ती जाते कुठे? खालच्यांच्या डोक्यावर?"

तिचे बाबा हसून लोटपोट. आई मात्र मुकाट्याने बसून अख्ख्या शहराची गटारं आखायची. टोचणीचे प्रश्न संपले, की आई पेन्सिलीच्या ओळीवर निळ्या शाईने गिरवायची. पेन्सिल म्हणजे अजून कच्चं, शाई म्हणजे तपासलेलं. हा त्या मायलेकींचा कायदा होता.

एका सकाळी संपादकांचा फोन आला. "बाई, तुमची माणसं एका मनोऱ्यावरून दुसऱ्यावर जातात कशी? एक ओळ टाका ना. आजच हवी." टोचणी शाळेत होती. हाताशी पेनच होतं. बाईने घाईघाईने माझ्यात लिहिलं, 'जो दोन्ही हातांनी चादर पसरतो आणि मनात भीती ठेवत नाही, त्याला दुपारचा वारा झेलून धरतो.'

मित्रांनो, शाई सरळ माझ्या कोऱ्या कागदावर उतरली. खाली पेन्सिल नव्हती. माझ्या अंगावर काटा आला, पण वहीला तोंड कुठे असतं?

दोनच दिवसांनी सुट्टी होती. आई खालच्या दुकानात गेली. बाबा आतल्या खोलीत फोनवर बोलत होते. टोचणीने मला उघडलं, बोट ठेवून ती ओळ वाचली, शाईवरून अंगठा फिरवला. मग तिने पलंगावरची चादर ओढली, मला काखेत मारलं आणि जिना चढू लागली. टाकी धुणाऱ्यांनी गच्चीचं दार उघडंच टाकलं होतं.

कठड्याशी रंगाचा एक रिकामा डबा होता. ती त्यावर चढली. वारा जोरात होता. तिचा फ्रॉक फुगला, आणि माझं पान न् पान गारठलं. 'खाली उतर गं पोरी, खाली उतर!' मी आतल्या आत ओरडत होते.

पण ती आईचीच लेक. तपासल्याशिवाय पुढे जाईना. तिने चादरीच्या चार टोकांत मला बांधलं. "आधी तू जा," ती माझ्या कानाशी म्हणाली आणि मला सोडून दिलं.

चार मजले! चादर क्षणभर फुगली, मग पिळवटली, आणि मी दगडासारखी फरशीवर आदळले. माझी पाठ मोडली. शेजारी दोन पावलं थबकली. पिशवी पडली, कांदे घरंगळले. आईने मला पाहिलं, मग वर पाहिलं.

मला वाटलं, सुटलो! पोरीला कळलं असेल. तेवढ्यात वरून आवाज आला.

"आई! वही घाबरली म्हणून पडली! मी नाही घाबरत! मी फ्रॉक पसरते!"

मित्रांनो, इतकी भीती मला पडतानाही वाटली नव्हती. तो नियमच तसा होता. पडणाऱ्याचाच दोष, नियमाचा कधीच नाही.

आई जिन्याकडे धावली नाही. नजर काढली आणि पोरीने उडी घेतली तर? तिथेच उभी राहून ती ओरडली, "टोचणी, तो नियम खोटा आहे!"

"शाईत आहे!"

"शाईत खोटं लिहिलं मी! तपासलं नव्हतं!"

वर काहीच हालचाल नाही.

"मला का नाही विचारलंस?" वरून रडवेला आवाज.

"चुकलं माझं. चुकलं, राणी. डब्यावरून उतर, मागे भिंतीला टेक आणि मग विचार. शंभर प्रश्न विचार."

डबा खणखणला. कठड्यावरचं डोकं दिसेनासं झालं. तेव्हा कुठे आई पळाली, एकेका पावलात तीन पायऱ्या.

नंतर मला कपाटात कोंबलं गेलं. कित्येक महिने बाईने पेन हातात धरलं नाही; पुस्तक तसंच अडलं. मला बाहेर काढलं ते टोचणीनेच. "चल, वाऱ्याची परीक्षा घेऊ," ती म्हणाली. दोघींनी स्टुलावरून रुमाल सोडले. कधी बटाटा बांधून, कधी चमचा. सगळं धपकन खाली. केवळ एक चिठ्ठी तरंगत दारापर्यंत गेली. मग ती ओळ खोडली गेली. आता त्या शहरात वारा फक्त पत्रं नेतो. माणसं दोरांच्या पुलांवरून जातात, आणि पूल रोज सकाळी कुणीतरी ओढून बघतं. संपादक म्हणाले, "आता कसं खरं वाटतं!"

पुस्तक छापून निघालं. लोकांनी कौतुक केलं. पण मित्रांनो, माझी भीती काही जात नाही. तुमच्यातलं कुणीतरी उद्या असंच नवं जग रचेल. जरूर रचा, ड्रॅगन पाळा, चंद्रावर शेती करा. पण तुम्ही मन लावून लिहिलंत की वाचणारा त्यावर पाय ठेवतो, पूर्ण भार देऊन. तो कुठल्या घरात, कितव्या मजल्यावर बसून वाचतोय, तुम्हाला दिसणार नाही. आणि त्याच्या आधी खाली पडायला तिथे मी नसेन.