गुलाबी शाळू

बहात्तर सालच्या भादव्यात ग्रामसेवक शमुवेलने राहुरी तालुक्याच्या कोरडवाहू अंगाला अकरा गावांत शाळू ज्वारीचं बियाणं वाटलं. दाणे गुलाबी होते. चावडीपुढे त्याने हौसेने समजावलं होतं, "काणीची बुरशी दाण्याला चिकटून शेतात जाते, दिसत नाही. कोंब फुटला की त्याच्यात शिरते आणि कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी भरते. म्हणून याला पाऱ्याचं औषध चोळलंय, आणि ओळखायला हा रंग. काणी जागच्या जागी मरते. पण हे खायचं नाही, विषारी आहे."

"धुतल्यावर जातं का वो, भाऊसाहेब?" एका गावात गोजरबाईने विचारलं होतं.

"रंग जातो," तो म्हणाला आणि सायकलवर टांग टाकून पुढच्या गावाला गेला.

पाऊस आलाच नाही. पेरण्या राहिल्या. मार्गशीर्षात तो बियाणं परत गोळा करायला आला, तर गोजरबाईच्या ओसरीवर पोतं घडी करून ठेवलेलं.

"मावशी, बी कुठंय?"

"खाल्लं की. तीन पाण्यानं धुतलं, पांढरंशिपट झालं."

शमुवेलने रिकामं पोतं उलगडून पाहिलं. "मी सांगितलं होतं ना, विषारी आहे म्हणून!"

"आवो, आदी कोंबड्यांना घातलं. आठ दिस वाट बघितली. एक मेली न्हाई. मग आमी खाल्लं. त्यालाबी दीड म्हैना झाला. काय झालं आमाला?"

अंगणात कोंबड्या खरंच चरत होत्या. शमुवेलला हायसं वाटलं. औषध तेवढं कडक नसेल, असं त्याने स्वतःला समजावलं. गोजरबाईने चहा टाकला. पेटत्या चुलीवरचं पातेलं तिने फडकं न घेता, उघड्या हातांनी सावकाश उतरवलं. बोटं लाल झाली तरी तिचा चेहरा हलला नाही.

"भाजलं ना, मावशी!"

"चार दिस झालं, बोटांना काय कळंनाच झालंय," ती म्हणाली. "गारठ्यानं आसंल."

तेवढ्यात तिचा नवरा सहादेव रानातून आला. तो भिंतीला हात लावत, पाय फाकून चालत होता. ओसरीची पायरी त्याला नीट दिसली नाही. शमुवेलने "रामराम" घातला, तर उत्तर देताना त्याची जीभ जड पडत होती.

शमुवेलने दोघांना बैलगाडीत घालून रस्त्यापर्यंत नेलं आणि एसटीने नगरच्या दवाखान्यात. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "धुतल्यावर रंग निघतो. पारा दाण्यात मुरलेला असतो," ते म्हणाले. "तो लगेच मारत नाही. मेंदूत जाऊन बसतो, आणि महिना-दीड महिन्याने दिसायला लागतो. घरात आणखी कोणी खाल्लं?"

"सून. विजयमाला," गोजरबाई म्हणाली. "तिला काय न्हाई झालं. सातवा म्हैना हाय तिला. दोनजिवाची म्हणून आमी अर्धपोटी राहून तिलाच जास्ती वाढायचो."

डॉक्टरांनी कागदावर 'सातवा महिना' लिहून त्याखाली रेघ ओढली. मग शमुवेलकडे वळून त्यांनी विचारलं, "हे बियाणं किती गावांत गेलंय?"

"अकरा," तो म्हणाला, आणि तसाच उठून एसटी स्टँडकडे निघाला.

पाच गावांत पोती भरलेली सापडली. बाकीच्या गावांत बायका त्याला हसून सांगत होत्या, आम्ही चांगलं धुऊन घेतलं होतं, भाऊसाहेब.

सहादेव शिमग्याआधी गेला. विजयमालाला मुलगी झाली. ती सहा महिन्यांची झाली तरी मान धरत नव्हती, आणि दिवा पुढे धरला तरी तिची नजर त्याच्याकडे वळत नव्हती.