धानाचे दोन दाणे

मले चहात साखर किती लागते, हे आमच्या दिघोरीत आजवर कोणी मले विचारलं नाही. मायले विचारतात. "विमलाबाई, तृप्तीले साखर चालते ना?" मी तिथंच बसली असते, बाजूच्या खुर्चीवर, धडधाकट, तोंडात जीभ असलेली. डोळे नाहीत म्हणून माणूस मुका होते का हो? पण नाही. मी म्हणजे मायच्या हातातली थैली. थैलीत काय आहे ते मायले विचारा.

मी एकोणतीस वर्षांची आहे. नागपूरच्या अंधांच्या शाळेत शिकली, होस्टेलात राहिली, बीए केलं. गेल्या वर्षापासून नागपूरच्या एका ऑफिसचं काम घरून करते. ते लोक गावागावांत बायकांच्या मुलाखती घेतात आणि रेकॉर्डिंग माझ्या मोबाइलवर पाठवतात. मी एका कानात रेकॉर्डिंग ऐकते, दुसऱ्या कानात लॅपटॉपचा आवाज, आणि टाइप करत जाते. सारं टाइप झालं की एकदमच पाठवते. आतापर्यंत फुटकळ काम होतं. डिसेंबरात तिथल्या मॅडमचा फोन आला. "तृप्ती, हे अकरा रेकॉर्डिंग पाच जानेवारीच्या सोमवारपर्यंत दे. वेळेवर झालं तर पुढचं सारं वर्षाचं काम तुझं. नाही झालं तर दुसरी एक मुलगी आहे."

त्या दिवशी मले झोपच लागली नाही. वर्षाचं काम! मले! अपंगांच्या कोट्यातून नाही, कोणाच्या दयेनं नाही, माझ्या बोटांच्या भरवशावर.

आता माझा लॅपटॉप. जुना आहे, विंडोज सातवाला. शाळेतल्या सरांनी त्यात बोलणारा प्रोग्राम टाकून दिला होता, त्याचा पेनड्राइव्ह अजून माझ्या कपाटात आहे. तो आवाज काही गोड नाही. पडसं झालेला मास्तर बोलते तसा. मी त्याले इतकं जोरात पळवते की माय म्हणते, डबीत माशी भिणभिणून राहिली. पण त्या माशीचं अक्षर न अक्षर मले कळते. कोणतं बटन किती वेळा दाबलं की कुठं जाता येते, हे माझ्या बोटांले पाठ आहे. कामाचा फोल्डर सरळ सी ड्राइव्हमध्येच ठेवला होता, कारण तिथं चार बटनांत पोचता येते. ब्राइटनेस शून्यावर, कारण मले उजेड काय कामाचा? बॅटरी तेवढीच जास्त चालते.

आणि कीबोर्डवर धानाचे दोन दाणे. प्रत्येक कीबोर्डवर दोन बटनांवर बारीक उंचवटा असते, तिथं बोटं टेकवली की बाकीची बटनं आपोआप सापडतात. माझे उंचवटे घासून घासून गेले होते. मग एकदा माय धान पाखडत होती, तिच्या सुपातले दोन दाणे घेतले, टरफलासकट, आणि फेविक्विकनं चिपकवून टाकले. खरबरीत, मस्त. तीन वर्षं टिकले.

या सगळ्यात कुलदीप घुसला.

कुलदीपचं स्टँडवर ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. पोट्टा वाईट नाही. पण कॉम्प्युटरचं सारं आपल्यालेच कळते, ही त्याची बीमारी. डिसेंबरात घरी आला आणि म्हणे, "ताई, तू अजून सातवरच? सात तर मेलं! कंपनीनं केव्हाच हात काढले त्याच्यातून. विंडोज अकरा टाकून देतो. नाही तर हॅकर घुसन."

"माझ्या लॅपटॉपात घुसून हॅकर काय नेईन? मी त्याच्यात नेट चालूच करत नाही. वायरनं मोबाइलमधून घेते, वायरनंच मोबाइलमध्ये टाकते."

"तरी पण ताई, जुनं ते जुनंच."

मी त्याले नीट समजावून सांगितलं. नवं वाईट आहे असं मी कधीच म्हटलं नाही. सर म्हणाले होते, नव्या विंडोजवर नवा बोलणारा प्रोग्राम चालते, आवाजही चांगला आहे, पण बटनं बदलतात आणि हात बसायले महिना लागते. म्हणून मी मार्च ठरवला होता. आधी हे काम, मग नवं. "मार्चमध्ये मीच तुले बोलावीन," मी म्हटलं. "तोवर हात लावायचा नाही."

यात न समजण्यासारखं काय होतं, सांगा बरं?

तर कुलदीप मायकडे वळला. माझ्यासमोर! "काकू, ताईले समजावा ना जरा."

आणि माय म्हणते, "तू शिकलेला, बाबू. तुले कळते ते कर."

मी ओरडली, तवा दोघंही हसले. मले वाटलं, विषय संपला.

एकतीस डिसेंबरले मी मावशीकडे साकोलीले गेली. सात रेकॉर्डिंग टाइप झाले होते, चार राहिले होते, म्हटलं दोन दिवस कानांले आराम. दोन तारखेले संध्याकाळी परत आली, कपाटाच्या खालच्या कप्प्यात हात घातला. लॅपटॉप नाही. चार्जर नाही.

"माय! लॅपटॉप कुठं आहे?"

मायचा आवाज एकदम लाडात आला. "आहे वो. कुलदीपनं नेला. उद्या जयंतीच्या कार्यक्रमात तुले देणार आहेत. मंडळानं ठरवलं. तुले सांगू नको म्हणे, खुशीची गोष्ट आहे."

"मी नाही म्हटलं होतं त्याले! तुझ्यासमोर नाही म्हटलं होतं!"

"अवं, तुझ्या भल्याचंच करून राहिले ना सारे."

कुलदीपले सहा वेळा फोन लावला. उचलला नाही. मग मेसेज आला, तो मोबाइलनं वाचून दाखवला: ताई, उद्या सरप्राइज. माझं डोकं असं तापलं की जेवणच गेलं नाही. त्याच्या दुकानाकडे जाते म्हटलं, तर माय म्हणे तो लाखांदूरले गेला आहे. आता वाटते, तेव्हाच त्याच्या दारात जाऊन बसायले पाहिजे होतं.

तीन जानेवारी, सावित्रीमाईंची जयंती. सकाळी अकरा वाजता विहारासमोरच्या मांडवात सारी वस्ती जमली. महिला मंडळाच्या अध्यक्ष निर्मलाबाईंनी मले हात धरून स्टेजवर नेलं. हातही विचारून धरला नाही, दंडच पकडला, दुकानातलं पोतं ओढावं तसा. खांद्यावर शाल टाकली, हातात गुच्छ कोंबला. माइकवर म्हणाल्या, "आपल्या गावची ही लेक. दिसत नाही, तरी बिचारी किती करते!"

बिचारी! दात आवळून उभी राहिली मी.

मग कुलदीपनं माइक घेतला. पोट्ट्याचा आवाज आनंदानं फुटून राहिला होता. "ताईचा लॅपटॉप पाहून मले रडू आलं. स्क्रीन पूर्ण काळी! उजेड वाढवला तर आत काहीच नाही, एक चिन्ह नाही, रिकामं मैदान! बिचारी बंद लॅपटॉपच मांडीवर घेऊन बसत होती. मी सारं साफ केलं आणि एकदम नवं अकरा टाकलं!"

लोक "अरेरे" म्हणाले. मग टाळ्या.

माझ्या कानात टाळ्या वाजून राहिल्या होत्या आणि मनात एकच गोष्ट: सारं साफ केलं म्हणजे काय केलं?

लॅपटॉप माझ्या हातात दिला. त्याले स्प्रेचा वास येत होता. झाकण उघडलं, बोटं ठेवली. दाणे नव्हते. बटनं गुळगुळीत, धुतलेल्या ताटासारखी. चालू केला. टिंग वाजलं. मी थांबली. आवाज सुरू करायची माझी बटनं दाबली. काही नाही. परत दाबली. काही नाही. इतकी वर्षं जो माझ्याशी रोज बोलला, तो गप्प.

तेवढ्यात माझ्या बाजूलेच निर्मलाबाईंनी मायले विचारलं, "खुश आहे ना ती, विमलाबाई?"

"हो हो," माय म्हणाली. "खूप खुश आहे."

बस. तिथंच माझा तोल गेला. माइक कुलदीपच्या हातात आहे हे मले आवाजावरून कळत होतं. हात लांब करून तो मी हिसकलाच.

"कुलदीप, सी ड्राइव्हमध्ये एक फोल्डर होता. तो कुठं आहे?"

"सी तर पूर्ण फॉरमॅट मारला ताई. डेस्कटॉपवर आणि डॉक्युमेंटमध्ये काहीच नव्हतं, मी पाहिलं ना."

"त्याच्यात सात रेकॉर्डिंगचं टाइप केलेलं काम होतं. सोमवारी द्यायचं होतं. आज शनिवार आहे."

मी माइक सोडला नाही.

"स्क्रीन काळी होती, कारण मले स्क्रीन लागत नाही. चिन्हं नव्हती, कारण मले चिन्हं दिसत नाहीत. बंद लॅपटॉप घेऊन मी काहून बसीन रे? वेडी आहे का मी? तुम्ही सारे जण जमले, माझी वस्तू माझ्या घरातून नेली, त्यातलं माझं काम पुसलं आणि मले शाल देऊन राहिले! मी नाही म्हटलं होतं. मराठीत म्हटलं होतं. कोणी ऐकलं?"

निर्मलाबाई माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "बेटा, चांगल्या मनानं केलं गं पोट्ट्यानं."

"मग चांगल्या मनानं तुमच्या घरात घुसून तुमचं कपाट रिकामं करू का मी? चालन तुम्हाले?"

मागून एक बाई पुटपुटली, "एवढं केलं तिच्यासाठी, वरून तोंड पाहा तिचं." शाल काढून मी खुर्चीवर ठेवली, लॅपटॉप छातीशी धरला आणि काठी टेकत खाली उतरली. कोणाचा हात घेतला नाही.

घरी आल्याबरोबर माय बरसली. "चारचौघांत लाज काढली माझी! लोक काय म्हणतीन? माजली म्हणतीन. तो पोट्टा रडून राहिला होता तिथं!"

"आणि मी? माझं वर्षाचं काम गेलं, माय."

"मले काय माहीत, त्याच्यात काय होतं ते!"

"विचारायचं होतं."

"विचारायचं काय त्याच्यात? मी तुझी माय आहे. जन्मापासून सांभाळते तुले. तुले काय पाहिजे ते मले माहीत नाही तर कोणाले?"

माझा राग तवा एकदम थंड झाला. थंड राग वाईट असते. मी म्हटलं, "मग सांग, मी चहात साखर किती घेते?"

"दोन चम्मच. हे काय विचारणं झालं?"

"मी बिनसाखरेचा पिते, माय. होस्टेलात होती तेव्हापासून. घरी तू दोन चम्मच टाकून देते, म्हणून गिळते. आठ वर्षं झाली. तू एकदाही विचारलं नाही."

माय उठून मागच्या खोलीत गेली.

दुपारी तीनच्या सुमारास दारात चपला वाजल्या. कुलदीप. आत आला नाही, उंबऱ्यावरच थांबला. नाक भरलेलं होतं त्याचं. आणि इतकं सारं झाल्यावर, इतकं ऐकल्यावर, त्यानं काय बोलावं?

"काकू, आता काय करू? जुनं सात परत टाकून देऊ, की नवंच राहू देऊ?"

माझ्या अंगाची आग झाली. मी तोंड उघडणारच होती, तेवढ्यात आतून मायचा आवाज आला.

"मले काय विचारतोस? लॅपटॉप माझा आहे का?"

कुलदीप घुटमळला. मग, पहिल्यांदाच, त्याचा आवाज सरळ माझ्या दिशेनं आला. "ताई, कोणतं टाकू?"

"जुनं," मी म्हटलं. "आत्ता, इथं बसून. ब्राइटनेस शून्यावर. आवाजाचा पेनड्राइव्ह कपाटात आहे, तो मी टाकीन. नवं मार्चमध्ये. तेही मीच टाकीन, तू बाजूले बसून सांगशील. आणि माझा गेलेला फोल्डर काही करून निघते का ते पाहा."

त्यानं दुकानातून काय काय आणून आधी फोल्डरसाठीच खटपट केली. तास गेला. निघाला नाही. "सॉरी ताई," म्हणाला. तोंडदेखलं माफ करणं मले जमत नाही.

पाच वाजता पडसं झालेला मास्तर परत बोलायले लागला. कुलदीप गेला. मी मॅडमले फोन केला, जे झालं ते खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "सोमवार म्हणजे सोमवार, तृप्ती. मी काही करू शकत नाही." अकरा रेकॉर्डिंग आणि दोन दिवस. होत नाही, हे मलेही माहीत होतं. तरी पहिलं रेकॉर्डिंग लावलं आणि टाइप करायले बसली. पण बोटं जागेवर बसेनात. गुळगुळीत बटनांवरून घसरत होती, एका ओळीत पाच चुका. मी मूठ आपटली टेबलावर, रडू आलं, रागानं.

मागच्या खोलीत सूप खडखडलं. मग मायची पावलं आली, माझ्याजवळ थांबली. तिनं माझा हात उघडून तळहातावर काहीतरी ठेवलं. दोन इकडे, दोन तिकडे.

"हे जाडे आहेत, हे बारीक," माय म्हणाली. "कोणते लावू?"

मी चारही दाणे बोटानं चाचपून पाहिले. घाई केली नाही.

"जाडे," मी म्हटलं.

"आणि कोणत्या बटनावर?" मायनं विचारलं.