बापाच्या मरणाची सुधारित तारीख

सोमवारी सकाळी न्यागोंद्वे नवऱ्याच्या कबरीवरचं गवत उपटत होती. तेवढ्यात छिन्नी-हातोडा घेऊन सरकारचे दोघे आले आणि अदबीनं म्हणाले, "आई, तुमचा नवरा दोन वर्षं आधीच मेलाय."

"अस्सं? मग पंचेचाळीसात माझ्या हातचं कोण जेवत होतं?"

"ते आम्हाला सांगितलेलं नाही. आज नुसतं माप घेतो. तारीख स्वातंत्र्यदिनानंतर बदलू."

अडचण साधी होती. शेहेचाळीस साली चहामळ्यांतल्या मजुरांनी मोर्चा काढला. गोऱ्यांनी गोळ्या घालून नऊ माणसं मारली, त्यांत न्यागोंद्वेचा नवरा. आजन्म राष्ट्राध्यक्ष तेव्हा परदेशात कायदा शिकत होते. पण मोर्चाचे पुढारी तेच, हे शेंबड्या पोरालाही पाठ. म्हणून विद्यापीठाच्या इतिहास विभागानं मोर्चाच दोन वर्षं मागे, ते देशात असतानाच्या चव्वेचाळीसात नेला. राष्ट्राध्यक्षांना हलवण्यापेक्षा ते सोपं होतं.

न्यागोंद्वेची मुलगी लुसुंगु त्याच विभागात शिकवायची. तिचा जन्म बाप मेल्यावर पाच महिन्यांनी झालेला. नव्या इतिहासानुसार जवळपास अडीच वर्षांनी. गणितात कच्च्या असलेल्या सगळ्या गल्लीला हे गणित मात्र चटकन सुटलं. नळावर बायका न्यागोंद्वेकडे पाठ फिरवू लागल्या. चर्चच्या महिला मंडळानं तिचं नाव काढलं.

"सर, तुमच्या तारखेनं माझी आई बदफैली ठरते," लुसुंगु विभागप्रमुख चिर्वांना म्हणाली.

"डॉक्टर, देशासाठी आईनं थोडं सोसावं. माझे आजोबा तर गेल्या वर्षीपासून जन्मलेच नाहीत. मी बोललो का काही? नव्या इतिहासाच्या पुस्तकातलं मोर्चाचं प्रकरण तुम्हीच लिहा."

"लिहिते की," ती म्हणाली. ती इतकं गोड बोलली, तेव्हाच चिर्वांनी घाबरायला हवं होतं.

तिनं सरकारी तारीख जशीच्या तशी लिहिली. शेवटी एक यादी जोडली: नऊ शहीद, त्यांच्या विधवा, मुलं, मुलांच्या जन्मतारखा. सेन्सॉर कचेरीत एवढंच पाहत, की राष्ट्राध्यक्षांच्या नावामागे दर वेळी पाचही पदव्या आहेत ना. होत्या. शिक्का बसला.

स्वातंत्र्यदिनी भर मैदानात, रेडिओवर, शिक्षणमंत्री म्कांडाविरेंनी पुस्तकातली ती यादी वाचायला घेतली. शहिदाचा मुलगा एवढ्याच लायकीवर ते मंत्री झाले होते. आधी वाचून पाहायची मंत्र्यांना सवय नसते.

"शहीद योना म्कांडाविरे. मृत्यू सप्टेंबर चव्वेचाळीस. पुत्र, विद्यमान शिक्षणमंत्री. जन्म एप्रिल सत्तेचाळीस..."

पुढच्या रांगेत राष्ट्राध्यक्षांचा चेहरा छापलेलं लुगडं नेसून नाचणारी मंत्र्यांची आई थबकली.

"गाढवा, काय वाचतोयस!" सगळ्या देशानं ऐकलं.

दुपारी इन्स्पेक्टर लुसुंगुच्या दारात. "कबरीचं काम थांबलंय. तारीख समितीकडे गेलीय. पण तुम्हाला न्यावं लागेल. गुन्हा... खोटी तारीख लिहिली."

"कुठली खोटी?"

त्याचं पेन अडलं. चव्वेचाळीस खोटं म्हणावं, तर राष्ट्राध्यक्ष मोर्चात नव्हते. शेहेचाळीस खोटं म्हणावं, तर मंत्र्यांचा बाप शोधावा लागणार.

"बाई, तुम्हीच सुचवा की काहीतरी," तो रडवेला झाला. "गुन्हा न लिहिता रिकाम्या कागदावर नेलं, तर परत सोडायचं कसं तेही कळत नाही हो."

ते रिकाम्या कागदावरही नेतात, हे लुसुंगुला ठाऊक होतं. तिनं चपला घातल्या. ह्या तारखेपायी कोण कसं वागलं ते लुसुंगु जिच्यात टिपत होती, ती वही आईनं तिच्या हातात दिली.

"नळावरच्या बायकांचीही नावं घाल गं. एकीलाही सोडू नकोस."

"घालते. चिर्वा सर झालेत, छिन्नीवाले झालेत." लुसुंगुनं पेनाचं टोपण काढलं. "हं, इन्स्पेक्टरसाहेब, आता तुम्ही. पूर्ण नाव, गाव, आणि कुणी पाठवलं ते. सावकाश सांगा. मी काही खोडत नाही."