वाडीचा सांगावा

"काका, ह्यात नाही येत," असं म्हणून गणराजने फोन काउंटरवर उपडा ठेवला. नाडी बघून झाल्यावर डॉक्टरने रोग्याचा हात हळूच खाली ठेवावा, तसा.

"येत न्हाय म्हंजे? बिघडलाय?" धर्माजीने विचारलं.

"बिघडला असता तर दुरुस्त केला असता हो. हा टकाटक आहे, हाच तर लोचा आहे." श्रीवर्धनच्या एसटी स्टँडसमोर गणराजचं मोबाईलचं दुकान होतं. समजावून सांगायची त्याला हौस होती. "हे बघा, प्रत्येक फोनाच्या पोटात एक दुकान असतं. व्हॉट्सॲप म्हणा, पैसे पाठवायचं म्हणा, सगळं त्या दुकानातून आणायचं. तुमच्या फोनाचं दुकानच बंद झालंय. कंपनीने तो धंदाच सोडला. शटर डाऊन."

"मग शेजारच्या दुकानातनं घाल."

"शेजारच्या दुकानातलं ह्याला मिळत नाही."

धर्माजी मिशीतल्या मिशीत हसला. "असल्या दुकानांच्या गोष्टी आमचा बाप लय सांगायचा," तो म्हणाला.

गणराजने फडकं उचललं. मग उगाच काउंटर पुसत म्हणाला, "एक जुनी फाईल आहे माझ्याकडे. घालून बघतो. पण वेळ लागेल, आणि तोवर फोन बंद राहील."

"ऱ्हाऊ दे बंद. मला कोन फोन करतंय?"

फोन तसा देखणा होता. प्रितमने, धर्माजीच्या मुलाने, तळोज्याच्या कारखान्यात लागल्यावर पहिल्या पगारातून आणलेला. इतरांच्या फोनावर बारीक बारीक चित्रांची रांगोळी असते, ह्याच्यावर मोठे मोठे रंगीत चौकोन. एका चौकोनात प्रितमचा चेहरा, एका चौकोनात वाडीतल्या इंदूबाईचा. चेहऱ्यावर बोट ठेवलं की फोन लागतो. ते चौकोन मधूनच आपले आपण उलटत. इंदूबाई दिसता दिसता गर्रकन फिरायची आणि मागचा कोरा निळा रंग दिसायचा, पुन्हा फिरून हसत समोर यायची. चष्मा नसतानाही दिसणारा असा फोन वाडीत दुसऱ्या कुणाकडे नव्हता. दुसरा घेऊन देतो म्हणून प्रितम दर दिवाळीला मागे लागे, आणि "चालतोय की," म्हणून धर्माजी त्याला वाटेला लावी.

आणि चालत होताच. फक्त वाडीचा ग्रुप त्यात येत नव्हता.

त्या ग्रुपचं दुखणं कळायचं तर धर्माजीचं काम सांगायला हवं. तो खाडीकाठच्या बौद्धवाडीचा सांगाव्या. बारसं असो, साखरपुडा असो, विहारातली बैठक असो, नाहीतर मर्तिक असो. खबर घरोघर न्यायची ती धर्माजीने. पायरीवर काठी वाजवायची, जय भीम घालायचा, आणि सांगायचं.

त्याच्या बापालाही सांगावे न्यावे लागत, पण ते गावाचे. भरउन्हात दुसऱ्यांच्या मर्तिकाची खबर घेऊन कोसकोस पळायचं, आणि वाटेत ओंजळ पुढे केली तर पाणी घालायला कुणी यायचं नाही. छप्पन साली धर्म घेतला त्या दिवशी बापाने ते काम गावाच्या वेशीवर टाकलं, ते पुन्हा उचललं नाही. पुढे वाडीने आपला सांगाव्या नेमायचं ठरवलं, तेव्हा विहारात सगळ्यांनी हात वर करून धर्माजीला निवडलं. बाप तेव्हा होता. म्हणाला, "आपल्या मानसांचं हाय. ने. पन तान्हेला ऱ्हाऊ नको."

म्हणून वाडीत रीत पडली. धर्माजी दारात आला की आधी तांब्या पुढे यायचा. आनंदाची खबर असली की तो घरोघरचं पाणी पीत जाई, आणि शेवटच्या घरी त्याच्या पोटात पाणी डचमळत असे. मर्तिकाची असली की मात्र "नको" म्हणायचा. त्याने पाण्याला नको म्हटलं, की बोलण्याआधीच बायका हातातलं काम खाली ठेवत. घरातला कर्ता माणूस एवढंच म्हणे, "येतो." सगळी घरं सांगून झाली की धर्माजी परत मयताच्या दारी जाई, "सांगून आलो" म्हणे, आणि मग त्या घरचं पाणी पिई.

इंदूबाईने ह्याचीसुद्धा ओवी केली होती. ती कशाचीही ओवी करायची. आधी जात्यावर करायची, जातं सुटल्यावर बागायतींमधून सुपारी सोलता सोलता करायला लागली.

काठी वाजली पायरी, कोन आलं गं सांगाया
धर्मा भाऊ माझा आला, आधी पानी द्या प्याया
पानी नको म्हने भाऊ, हात कामाचा थांबला
कुन्या घरचा गं जीव, वाट चालता लांबला

धर्माजीची बायको गेली तेव्हा घरोघर सांगायला त्याचे पाय उचलेनात. तेव्हा काठी इंदूबाईने घेतली होती. हे तो कुणाला सांगत नसे.

मग वाडीचा ग्रुप झाला. कुणी ठरवून धर्माजीला काढलं असं नाही. खबर आधी ग्रुपवर आणि मग धर्माजीबरोबर, असं काही दिवस चाललं. मग लोक म्हणायला लागले, "कळलं आम्हाला, बाबा. कशाला पाय झिजवता?" मग सांगायला बोलावणंच येईना. आणि एक चमत्कारिक गोष्ट घडली. धर्माजीला काही सांगायची वाडीला सवयच नव्हती. खबर आधी त्याला असते, मग आपल्याला, हे इतकं अंगवळणी पडलेलं की त्याला कळलं नसेल असं कुणाच्या मनात येत नसे. मागच्या आठवड्यात शिवदासच्या नातवाच्या बारशाला तो पोचला, तेव्हा बायका भांडी घासत होत्या.

"ग्रुपवर टाकलं होतं की," समितीचा सेक्रेटरी शिवदास म्हणाला.

काल संध्याकाळी ते ऐकून इंदूबाई अडकित्ता खाली ठेवून हसली होती. हसता हसता तिला खोकला आला.

"आरं धर्मा, वाडीला खबर देनारा तू, आन् तुलाच खबर न्हाय? उद्या उठ, जा शिरवर्धनला, तो गुरूप घालून ये. न्हायतर मी मेले तर तुला मुंबयवाल्यांकडनं कळायचं."

"तू कशाला मरतीस? तुझ्या ओव्या संपू देत आधी."

"मस्करी नको. माझा सांगावा तूच न्यायचा. आधी बोलून ठेवते. त्या पोरींच्या फोनात माझी टिंग वाजून चालनार न्हाय."

"नेईन की."

"आन् पानी माझ्या माठातलं पी. भरून ठेवीन." एवढं म्हणून तिने पुन्हा सुपारी हातात घेतली होती.

धर्माजी दुपारभर श्रीवर्धनात हिंडला. वडापाव खाल्ला, समुद्राकडे तोंड करून बसला. परत गेला तर गणराजने मान हलवली.

"नाही बसत, काका. तो घेतच नाही. चार्जिंगही उतरलं. एखादा साधा नवा घ्या, पाच मिनिटांत ग्रुप चालू करून देतो."

"मुलाला इचारतो," धर्माजी म्हणाला. पहिल्यांदाच म्हणाला. इंदूबाईला हे सांगितलं की ती पुन्हा हसेल, हे त्याच्या डोळ्यांपुढे आलं. बंद फोन खिशात घालून तो एसटीत चढला.

वाडीच्या फाट्यावर उतरला तेव्हा ऊन कलतं झालं होतं. खाडीच्या बांधावरून माणसं परतत होती. सगळी पांढऱ्या कपड्यात. पुरुषांची डोकी ओली. धर्माजीचा पाय जागीच थबकला. अशी ओळ बांधावरून येताना त्याने जन्मभर पाहिली होती, पण तिच्यात कोण नाही हे त्याला नेहमी आधीच ठाऊक असायचं. आज तो एकेक चेहरा बघत कोण नाही ते शोधू लागला.

शिवदास पुढे होता. "होतास कुठं तू? आम्ही म्हटलं, धर्मा पुढं गेला असंल लाकडं लावायला. तिथंबी न्हाय!"

"कोन?" धर्माजीने विचारलं.

 शिवदासने मागे वळून इतरांकडे बघितलं. तेही एकमेकांकडे बघू लागले. "तुला..." शिवदास म्हणाला. "म्हंजे तुला कुनीच...? आरं, इंदूबाय. सकाळी.  भरतीचं पानी वाटेवर यायच्या आत न्यावं लागलं रं."

धर्माजीने मान डोलावली. पुष्कळ वेळ डोलावत राहिला. मग ओळीतून वाट काढत सरळ इंदूबाईच्या घरी गेला.

अंगणात प्रज्ञा उभी होती, इंदूबाईची नात, डोळे सुजलेले. त्याला बघून ती पळत आली. "आजोबा, मी तुम्हाला फोन लावला हो. पहिला तुम्हालाच लावला. स्विच ऑफ, स्विच ऑफ. मग ग्रुपवर टाकलं, आणि मग गर्दीत..."

"बरोबर केलंस, बाय. माझाच बंद होता."

"बसा ना. पाणी आणते."

"नको," धर्माजी म्हणाला.

प्रज्ञा बघत राहिली. तो उंबऱ्याशी गेला. आत इंदूबाईच्या फोटोपुढे मेणबत्ती जळत होती. तिच्याकडे बघून तो एवढंच बोलला, "जाऊन येतो." मग घरी जाऊन कोपऱ्यातली काठी घेतली. किती दिवसांत हात लागला नव्हता, मुठीवर जाळं धरलेलं. ते धोतराच्या सोग्याने पुसलं आणि निघाला.

वाडीचं पहिलं घर केसरकाकूचं. त्याने पायरीवर काठी वाजवली.

केसरकाकूची नात तेजस्वी बाहेर आली. "आजोबा? या ना. काय झालं?"

"जय भीम. खबर हाय." त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला. "इंदूबाय गेली."

पोरगी गोंधळली. "हो, आजोबा, माहितीये. आम्ही सगळे जाऊन आलो की आत्ताच. तुम्हाला बरं नाही वाटत का? पाणी देऊ?"

"नको."

आत चुलीपाशी बसलेल्या केसरकाकूने तो "नको" ऐकला. न्हाऊन आलेली, केस अजून ओले. हातातली परात तिने खाली ठेवली. दाराशी आली, आणि नातीला हाताने मागे सारलं.

"कधी रं?" तिने विचारलं.

"सकाळी."

"कशानं?"

"वय झालं. झोपल्यागत गेली म्हनत्यात."

केसरकाकूने पदराने डोळे टिपले. बांधावरून परत येताना ते कोरडे होते. "येतो आम्ही," ती म्हणाली.

धर्माजी पायरी उतरला. मागून केसरकाकूचा दबका आवाज आला, आणि दबका असूनही सगळ्या वाडीला ऐकू जाईल असा तो होता. "बघतेस काय माझ्या तोंडाकडं? टाक तुझ्या त्या ग्रुपवर. धर्मा निघालाय म्हनावं. टीव्ही बंद करा आन् दारात उभे ऱ्हावा. आन् कुनी माहीत हाय म्हनायचं न्हाय."

धर्माजीने ते ऐकलं. न ऐकल्यासारखी मान खाली घालून तो पुढच्या घराकडे वळला. आजूबाजूच्या घरांतून फोन बारीक बारीक वाजत गेले, एकामागून एक. तिन्हीसांजेला पाखरं झाडावर उतरावीत तसे.

पुढच्या दारात माणसं उभीच होती. त्याच्या पुढच्याही. त्याने काठी वाजवली. कुणीतरी तांब्या पुढे केला, त्याने नको म्हटलं, आणि हातातली कामं खाली गेली. ज्यांनी चार तासांपूर्वी तिला खांदा दिला होता ते "कधी?" विचारत होते, आणि उत्तर ऐकून खरोखर रडत होते. सकाळपासून धावपळच झाली होती. लाकडं, भरती, मुंबईच्या गाड्या. बातमी सगळ्यांच्या हातात आली होती. पायरीशी उभं राहून ती तोंडाने सांगणारं कुणी आलं नव्हतं.

शिवदासच्या दारात धर्माजी पोचला तेव्हा सेक्रेटरी आपला पांढरा सदरा पुन्हा घालून उभा होता. "इंदूबाय गेली," धर्माजी म्हणाला.  शिवदासने नुसते हात जोडले.

सगळी घरं झाली तेव्हा दिवे लागले होते. घसा पार कोरडा पडलेला. परत येऊन धर्माजी इंदूबाईच्या अंगणात उभा राहिला. पायरीवर काठी वाजवली आणि ती भिंतीला टेकून ठेवली.

"सांगून आलो," तो आत बघून म्हणाला.

प्रज्ञा तांब्या घेऊन बाहेर आली. तिने तो दोन्ही हातांनी धरला होता.

"सकाळी उठल्या उठल्या आजीने माठ भरला," ती म्हणाली. "कंबर दुखतेय म्हणत होती, मी भरते म्हटलं तर ऐकेना. मग जरा पडते म्हणाली. मयत झालं म्हणून बायका मघाशी तो माठ ओतायला निघाल्या होत्या. मी ओतू दिला नाही."

धर्माजी पायरीवर बसला. पाणी गार होतं. तो तांब्या रिता होईतो प्यायला, मध्ये न थांबता. मग तो पायरीवर पालथा घातला आणि त्यावर हात ठेवून थोडा वेळ बसून राहिला.