चावी दिलेलं यंत्र

दातांच्या धातूच्या कॅप ओतायचं आमचं यंत्र चावीवर चालतं. खीळ काढली की दांडा गरागरा फिरतो आणि वितळलेला धातू साच्यात जातो. हल्ली सगळ्यांना पांढऱ्या कॅप हव्यात, त्या कॉम्प्युटर कोरतो. तरी आमचे हे रोज सकाळी चावी देऊन बसायचे आणि संध्याकाळी काम आलं नाही म्हणून स्प्रिंग सैल करायचे.

"आलंच एखादं काम तर?"

"कोण येतंय झक मारायला!" मी म्हणायचे.

हे गेल्यावर मी भंगारवाल्याला बोलावलं. यंत्र उचलताना खीळ निसटली आणि रिकामा दांडा फिरतच राहिला. शेवटच्या संध्याकाळी स्प्रिंग सैल करायला हे खुर्चीतून उठलेच नव्हते.

"बाई, चालतंय की यंत्र!" भंगारवाला म्हणाला.

"चालतंय हो," म्हटलं, "तेच तर मरण होतं."