प्रकृती उत्तम

धाकट्याने जिना चढता चढताच हिशेब केला होता. ताईचं घर चाळीस लाखांना गेलं, तर दोन टक्के दलाली म्हणजे ऐंशी हजार. शिवाय तिच्या गृहकर्जाला तोच जामीन. म्हणजे मानेवरचं ओझंही उतरणार. आणि वर लोक म्हणणार, अडचणीला भाऊ धावून आला. एका जिन्यात तीन फायदे. गिऱ्हाईक तर खाली गाडीतच बसवलं होतं.

ताई छापखान्यात पुस्तकं बांधायची. कागद कापायच्या यंत्राने तिच्या उजव्या हाताची चार बोटं नेली, तेव्हापासून महिना अठरा हजार अपंगत्वभत्ता. त्यातले अकरा हजार बँकेचा हप्ता, पाचशे बाजूला, उरलेल्यात वीज, औषधं आणि ती. चव्वेचाळीस महिन्यांत एक हप्ता चुकला नाही. तेवढ्यात आपला एक आठवडाही निघाला नसता, हे धाकटा मनातल्या मनात कबूल करी. मग पाच महिन्यांपूर्वी भत्ता अचानक बंद पडला. दोन हप्ते तिने साठवणीतून भरले, पोटापुरत्या वह्या शिवल्या, पण पुढचे तीन हप्ते थकले. शुक्रवारपर्यंत तेहेतीस हजार भरा, नाहीतर घर जप्त, अशी नोटीस आली होती.

"ताई, भाव चांगला आलाय. विकून मोकळी हो. मी भाड्याची खोली बघून देतो."

"तिचीही दलाली घेशील?"

"तुझ्याकडून अर्धी."

ताई हसली आणि तिने फडताळातून एक जाडजूड पुस्तक काढलं. बँकेचं प्रत्येक पत्र, प्रत्येक पावती त्यात शिवलेली. सुटा कागद तिला बघवतच नसे. सुई डाव्या हातात, दोरा दातात धरून केलेलं काम. पण पुस्तकाचा कणा असा सरळ, की धाकटा उगाच ताठ बसला.

"शेवटचं पान वाच. मोठ्याने."

ती भत्त्याच्या वार्षिक अर्जाची नक्कल होती. ताईला लिहिता येईना, म्हणून त्यानेच भरलेला अर्ज. सही आधी घेतलेली, मजकूर मागून, कचेरीच्या बाकावर घाईघाईत. 'सध्याची प्रकृती' या रकान्यापुढे त्याचं झोकदार अक्षर होतं: 'देवाच्या कृपेने आता उत्तम आहे.'

धाकट्याने पुस्तक मिटलं. "अगं, कुणी विचारलं की आपण असंच म्हणतो ना!"

"पत्रात म्हणतो रे. अपंगत्वाच्या अर्जात नाही."

नक्कल मिळवायला ती दोन बस बदलून तीनदा कचेरीत गेली होती. डॉक्टरांचा नवा दाखलाही देऊन आली होती. भत्ता पुढल्या महिन्यापासून सुरू होणार होता. मागचे पाच महिने मात्र बुडाले, कारण अर्जावर सही तिची.

"कधी कळलं तुला?"

"महिना झाला."

"आणि एका शब्दाने बोलली नाहीस?"

"काय बोलू? माझं भलंच चिंतलंस. तुझ्या बायकोलाही सांगितलं नाही. उपाशी ठेवलं असतं तिने तुला."

महिनाभर हा कागद तिच्या हातात होता. एकदा कडाडली असती, तरी त्याने मुकाट पैसे मोजले असते. तिने तो नीट शिवून ठेवला, आणि त्याच्याच अर्ध्या दलालीवर हसलीही.

धाकटा खाली गेला. गिऱ्हाइकाला म्हणाला, "घर विकायचं नाही." तिथून तडक बँक गाठली आणि तासाभराने पावती घेऊन परत आला.

"परत करायची घाई नाही हं, ताई."

"करणारच नव्हते. चूक तुझी आहे. हे पान धर घट्ट."

त्याने पान धरलं, तिने सुई घातली.

पाच हप्त्यांचे पंचावन्न हजार. बावीस ताईचे, पाचशे-पाचशे करून जमवलेले. तेहेतीस धाकट्याचे. प्रकृती उत्तम आहे हे वाचून खूश झालेल्या भत्त्याच्या सरकारी खात्याची दमडीही नाही.